आत्याच्या तोंडचं नाव

आत्यानं उभ्या जन्मात एकाही लेकराचं कौतुक केलं नाही. पाळण्यात गुटगुटीत बाळ हसत असलं तरी ही नाक मुरडून म्हणायची, "काय बाई हे माकडतोंडं!" आणि झटकन दुसरीकडं बघायची. नव्या सुना फुरंगटून बसायच्या. जुन्या बाया मनावर घेत नव्हत्या, कारण त्यांना आमच्या घरचं ठाऊक होतं.

माझ्याआधी आईला दोन मुलगे झाले. दोघांची नावं आत्यानंच ठेवली, तीही मोठ्या हौसेनं, राजेरजवाड्यांची. राजेंद्र आणि महेंद्र. दोघंही ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीतच तापानं गेले. लोकांनी थंडीला दोष दिला, पाण्याला दिला. आत्यानं आपल्या तोंडाला दिला. "म्या राजा म्हणलं, अन् ते कुनीतरी ऐकलं," एवढंच ती म्हणायची. कुणी ऐकलं, ते विचारलं की पदर तोंडावर घ्यायची.

म्हणून मी जन्मलो तेव्हा तिनं मला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीला उचलायला लावलं आणि सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. मी झालो कोंडिबा. ह्या नावापायी शाळेत पोरांनी मला नुसतं सोलून काढलं. आपल्या पोराचं नाव असं ठेवायचं, की हाक मारणाऱ्याची छाती फुगली पाहिजे, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

मुलगा झाला. नाव ठरलं सम्राट. मला बहीण नाही, त्यामुळं बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सांगायला मी मांजरसुंब्याकडं तिच्या गावी गेलो, तर नाव ऐकून ती मटकन खालीच बसली.

"कावून रे बाबा? दुसरं नाव सापडंना का तुला?"

"आत्या, आता दवाखाने हायेत, डोस हायेत. तुझ्या काळातलं राह्यलंय का काही?"

"मंग दुसऱ्या कुनाच्या तोंडून सांग. माझं तोंड लई वंगाळ हाय."

पण मीही तिच्याच घराण्यातला हट्टी. आत्या जिवंत असताना दुसरीनं नाव ठेवायचं म्हणजे गावभर बोभाटा. "तू न्हाई आलीस तर बारसंच न्हाई," मी सांगून टाकलं.

ती आली. पाळण्यावर वाकली. बायकांचं कुर्रर्र संपलं तरी तिचे ओठ हलेनात. शेवटी डोळे गच्च मिटून तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणं बायकांनी हसत तिच्या पाठीत गुद्दे घातले. आत्या हसली नाही. "मारा बायांनो, जोरानं मारा," ती म्हणाली. बायकांचे हात वरच्या वरच राहिले. जेवायला न थांबता ती मिळेल त्या जीपनं निघून गेली.

पुन्हा काही ती आमच्या उंबऱ्याला आली नाही. रोज सकाळी फोन मात्र यायचा. खुशाली नाही, काही नाही. एकच विचारायची, "हाय का?" मी म्हणायचो, "हाय, आत्या." की फोन बंद. बायको वैतागायची, "सकाळच्या पारी कसलं हे अभद्र विचारणं!" एकदा मीही चिडलो. "नीट विचार की, सम्राट कसा हाय म्हणून."

पलीकडून ती अगदी हळू बोलली, "नाव नको घेऊ त्याचं. फोनवर आपुन दोघंच हावोत, आसं वाटतं का तुला?"

भर सकाळी मी मागं वळून पाहिलं.

यंदा वैशाखात असाच फोन वाजला. "हाय, आत्या," मी सवयीनं बोलून गेलो. पलीकडं तिची सून होती.

"आत्याबाई गेल्या, भावजी. उठल्यापासून फोन लावा, फोन लावा म्हनत व्हत्या. रेंजच न्हवती. विचारायचं ऱ्हाऊनच गेलं त्यांचं."

फोन तसाच टाकून मी आत धावलो. पोरगं झोपलं होतं. त्याच्या नाकाशी बोट धरलं. ऊन श्वास लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग तिथंच बसून आत्यासाठी ढसाढसा रडलो.

तेव्हापासून रोज सकाळी माझं हेच चाललंय. बायको म्हणते, "येडे झालात तुमी." पोरगं धडधाकट आहे, अंगणभर पळतं. फक्त त्याला नावानं हाक मारायला माझी जीभ उचलत नाही.