ओहोटी नसलेलं बंदर

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता कागद पाहिल्याशिवाय मला आठवत नाहीत. ही त्यातली नाही. हिचे कागद मी पुन्हा कधी उघडले नाहीत, तरी ती जशीच्या तशी आठवते.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात खाडीलगतच्या कोळीवाड्यातून तिघं आली. एक म्हातारी कोळीण, तिची सून आणि शेजारचे एक काका. सून वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला जायची. काका परदेशी जाणाऱ्या जहाजांवर खलाशी होते, आता निवृत्त.

म्हातारी म्हणाली, "सायेब, माजा पोरगा इटलीला हाय. त्याची पत्रां येतान. पन ह्ये काका बोलतान, पत्र खोटा हाय."

मुलगा दीड वर्षापूर्वी गेलेला. फ्युमिचिनो नावाच्या गावात मासेमारीच्या बोटीवर नोकरी लागली होती. नौपाड्यातल्या एका एजंटाने ती लावून दिली होती. गाव रोमजवळ समुद्रकाठी, रोमचं विमानतळही तिथंच. कोळीवाड्याने त्याला वाजतगाजत निरोप दिला होता. खाडीला नारळ वाहिला, गळ्यात हार घातले, टेम्पो भरून माणसं सहार विमानतळावर सोडायला गेली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी पत्र यायचं. त्याचा एक दोस्त सहारला विमानात सामान चढवायच्या कामाला होता. तिकडून आलेल्या माणसाने दिलं असं सांगून तो पत्र घरी पोचवायचा. सोबत एखादी परदेशी साबणाची वडी असायची.

सुनेने दोन रंगीत चित्रकार्डंही आणली होती. एकावर गावातून समुद्राकडे जाणारा कालवा, दोन्ही काठांना मासेमारीच्या बोटी. दुसऱ्यावर सहा कोनांचं तळं. काका म्हणाले, ते तळं म्हणजे रोमच्या बादशहांचं बंदर. गाळ भरत गेला, समुद्र लांब सरकला आणि बंदर जमिनीत राहिलं. आता त्याच्या अंगावरून विमानं उतरतात.

"मग खोटं काय आहे?" मी विचारलं.

काकांनी ताज्या पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. लिहिलं होतं, ‘ओहोटीला इथल्या होड्या चिखलात बसतात. मग आम्ही भरतीची वाट बघत बसतो.’

"साहेब, मी त्या किनाऱ्याला गेलेलो. तिथं आपल्यासारखी ओहोटी नाय. पाणी वीतभर वर, वीतभर खाली. होडी चिखलात बसायची गोष्टच नाय. हे लिहिणारा तिथं गेलेलाच नाय."

मला काकांचं कौतुक वाटलं. खाडीकाठच्या माणसाला भरती-ओहोटीशिवाय समुद्र सुचतच नाही, आणि लिहिणारा नेमका तिथं फसला होता. सून मात्र हळूच म्हणाली, "पण साहेब, अक्षर त्यांचंच आहे."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. नवरा जिवंत असावा असं वाटणाऱ्या बाईला अक्षर त्याचंच दिसणार, असा मी हुशार विचार केला. माझ्या डोक्यात खटला तयार झाला होता. मुलाचा घात झालाय, आणि घात करणारा गवगवा होऊ नये म्हणून पत्रं पाठवतोय. एजंटाच्या ऑफिसला कुलूप होतं आणि तो कुठं गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे माझा संशय पक्का झाला.

पुढचे नऊ दिवस मी बेवारस मयतांच्या नोंदी तपासल्या. ठाणे झालं, रेल्वे पोलीस झाले, कल्याण झालं. कल्याणला तर मी स्वतः गेलो आणि दीड वर्षाचं रजिस्टर पान न् पान पाहिलं. तशा वर्णनाची मयत सापडली नाही. परतताना खाडीच्या पुलावरून खाली रेतीच्या होड्या दिसत होत्या. ओहोटी होती. होड्या चिखलात बसल्या होत्या आणि माणसं काठावर उकिडवी बसून बिड्या ओढत होती. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आणि जीपमध्ये पेंगत ठाण्याला आलो.

मंगळवारी सकाळी त्या दोस्ताला चौकशीसाठी आणला. किडकिडीत, खाली मान घालून बसणारा माणूस. पत्रं कोण देतं, विचारलं तर गप्प. मी सरळच विचारलं, "प्रेत कुठं टाकलंस?" त्याने चमकून वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. ते चमकणं मी अपराध्याचं समजलो. मी हात उचलला, हे लपवत नाही. बुधवारी परत बोलावला, परत तेच. शेवटी गुरुवारी दुपारी मी त्याला म्हणालो की खुनाच्या गुन्ह्यात तुला आत टाकतो, तेव्हा तो रडायला लागला.

"एकवीरेची शपथ घातलेली त्यानं, म्हणून बोललो नाय. सायेब, तो जिता हाय. कल्याणला रेतीवर हाय."

मग सगळं बाहेर आलं. कागद खोटे म्हणून मुलाला सहारवरूनच परत फिरवलं होतं. एजंट म्हणाला, दोन महिन्यांत नवे करून देतो. एवढा गाजावाजा करून निघालेला माणूस हार सुकायच्या आत घरी कसा जाणार? तो कल्याणला रेतीच्या होडीवर लागला. खाडीत बुडी मारून बादलीने रेती काढायचं काम. कोळ्याच्या पोराला ते जमलं. चित्रकार्डं एजंटाच्या ऑफिसातली, साबण दोस्ताने मिळवलेला. पत्रं त्याची स्वतःची. आधीची पत्रं त्याने चित्रं पाहून लिहिली. हे शेवटचं पत्र लिहिताना मात्र समोर जे दिसलं ते लिहून गेला. साऱ्या पत्रांत खरी ओळ ती एकच होती, आणि तिच्यावरून आम्ही त्याला मेलेला धरलं.

त्याच जीपने आम्ही कल्याणला गेलो. कल्याणही एके काळी मोठं बंदर होतं म्हणतात. आता तिथं रेतीचे ढीग होते. होडीवरच्या मुकादमाने दोस्ताला पाहिलं आणि डोक्यावरचं फडकं काढलं. बुधवारी सकाळी बुडी मारताना मुलाचा पाय नांगराच्या दोरात अडकला आणि तो वर आलाच नाही. पूर्ण नाव कोणाला माहीत नव्हतं, म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद ‘अनोळखी पुरुष’ अशी झाली होती. मी आठवड्यापूर्वी चाळलेल्या त्याच रजिस्टरमध्ये, पुढच्या पानावर.

मंगळवारी मी प्रेत कुठंय म्हणून विचारत होतो, तेव्हा तो रेती काढत होता.

ओळख पटवायला सून आली. तिने पायाचा वाकडा अंगठा पाहिला आणि मान हलवली. म्हातारी शवागाराबाहेर बाकावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सायेब, मी तुमच्याकं आलेली, तवा तो जिता व्हता?"

"हो, आई."

"कल्याणला?"

"हो."

तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि सुनेचा हात धरून उठली.

खात्यात माझं काही चुकलं असं कोणी म्हटलं नाही. तपास नियमाप्रमाणेच होता. एजंट पुढे सापडला, त्याला शिक्षाही झाली. पण त्यानंतर बेपत्ताची तक्रार आली की मी मयतांचं रजिस्टर शेवटी मागवायचो. आधी घरच्या बाईला बसवायचो, पाणी द्यायचो आणि ती काय म्हणते ते शब्दन् शब्द लिहून घ्यायचो. काही माणसं त्यामुळे जिवंत सापडली. लाजेने घर सोडलेला माणूस सहसा फार लांब जात नाही, हे मला कळलं होतं.

तो जिवंत आहे, हे मला त्या सुनेने पहिल्याच दिवशी, पाच शब्दांत सांगितलं होतं. मी ते लिहूनही घेतलं नव्हतं.