रेघेची शेपटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

नव्वदच्या दशकात मी लखनऊला एका प्रयोगशाळेत होतो. जमिनीत रेडिओलहरी सोडून पुरलेले पाइप शोधणारं रडार आम्ही बनवत होतो. त्याचा अँटेना मी कॉम्प्युटरवर आखायचो आणि रिझवानसाहेब तो हाताने घडवायचे — तांब्याच्या पत्र्याचे दोन त्रिकोण, टोकाला टोक, कडांना बारीक रेझिस्टर. जुन्या शहरातल्या चौक भागात राहायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांचं सोल्डरिंग बघायला दुसऱ्या विभागातले लोक यायचे.

अँटेनाने लहर सोडली की लगेच गप्प बसायला हवं. तो घुमत राहिला, तर जमिनीतून येणारा प्रतिध्वनी त्यातच बुडतो. माझा प्रोग्रॅम हेच तपासायचा, दोन-दोन दिवस चालून. त्या दुपारी मध्येच लाइट गेली. तासाभराने आली, पण दोन-तृतीयांशच आकडे हाती होते, आणि आमच्या विभागप्रमुखांना दिल्लीची गाडी पकडण्याआधी आलेख हवा होता. रेघ खाली येतच होती. पुढे ती शून्यावर जाणार हे उघड होतं — होतं ना? उरलेले आकडे मी हाताने भरले. याला खोटं म्हणायचं का? तेव्हा वाटलं नाही. की वाटलं होतं? खरंच आठवत नाही. न आठवणं माझ्या सोयीचं आहे, हेही कळतं.

मग रिझवानसाहेबांनी अँटेना बनवला, वाळूच्या हौदावर ठेवून मोजला — आणि तो घुमला. नेमका शेवटच्या भागात. विभागप्रमुखांनी माझा आलेख आणि मोजणीचा कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, कॉम्प्युटर शांत म्हणतोय, म्हणजे सोल्डरिंगचे जोड कच्चे. मी तिथेच उभा होतो. मान हलवली. नुसतीच हलवली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. होकारार्थी हलवली.

रिझवानसाहेबांनी सगळे जोड उकलून पुन्हा केले. तीनदा. चौथ्या खेपेला नवा चष्मा करून आले, तरी अँटेना घुमलाच. मग त्यांनी स्वतःच अर्ज देऊन स्टोअरमध्ये बदली मागून घेतली.

ते गेल्यावर महिन्याभराने मी प्रोग्रॅम पूर्ण चालवला. आधी का नाही चालवला? शेवटच्या भागात उंचवटा होता, त्यांच्या मोजणीच्या कागदावर होता तिथेच. जोड पक्के होते, माझी आखणी कच्ची होती. मी ती फाइल पुसली, आखणी गुपचूप सुधारली. नवा अँटेना दुसऱ्याने बनवला आणि तो छान चालला. त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली — दोष म्हाताऱ्याच्या हातांचाच.

ते निवृत्त झाले त्या निरोपाच्या दिवशी मी ठरवून गेलो होतो, सांगायचं. त्यांनीच माझा हात हातात घेतला. ‘‘अच्छा हुआ आपके कंप्यूटर ने बता दिया, वरना हम तो इन हाथों पर नाज़ किए बैठे रहते.’’ सगळ्यांसमोर माझे आभार मानले.

‘‘अरे, ऐसी क्या बात है,’’ मी म्हणालो. आणि घरी येऊन नीट जेवलो.