चाळणीबाईंची सही

चाळणीबाई हे नाव त्यांना गटातल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. गट म्हणजे ठिकठिकाणी पसरलेली, एकमेकांना फारशी न भेटलेली हौशी मंडळी. कुणालाही उघडून पाहता येतील, फुकट वापरता येतील अशा संगणक प्रणाल्या बऱ्याच आहेत. दिसायला त्या सख्ख्या बहिणी, पण एकीचं दुसरीशी पटेल तर शपथ. एकीच्या घरात मीठ ओट्यावर, दुसरीच्या फडताळात, तिसरीनं तर डब्याचं नावच बदललेलं. एखादा प्रोग्रॅम या सगळ्या घरांत न अडखळता चालावा म्हणून त्याला लागणारं सगळं नीट बांधून त्याचं पॅकेज करायचं, हे बाईंचं काम. दिवसा त्या एका कॉलेजातले संगणक सांभाळायच्या. तिथे पगार होता, इथे जीव होता.

घरी जेवणाच्या टेबलावर जुने संगणक मांडलेले, प्रत्येकावर वेगळी प्रणाली. नवरा बिचारा ताट मांडीवर घेऊन जेवायचा आणि पाहुण्यांना सांगायचा की आमच्याकडे टेबल आहे, फक्त ते बायकोचं आहे.

बाईंचा नियम कडक होता. प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल वाचायचा, पॅकेज आपल्या मशीनवर मुळापासून बांधायचं, मगच सही करायची. ही सही कागदावरची नव्हे, आकड्यांची. दुसऱ्या कुणाला ती मारता येत नाही. ती दिसली की लोकांचे संगणक नवी आवृत्ती न विचारता आत घेतात. कुणी आयता बांधलेला तुकडा पाठवला, तर बाई तो आल्या पावली परत धाडायच्या. आतलं वाचताच येत नाही, तर सही कशावर करायची?

या नियमातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला बाईंनीच वाढवलेलं. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक सुरेख प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. ज्यांना दिसत नाही, अशी कितीतरी माणसं त्याच्यावर पत्रं वाचायची, बँकेची कामं उरकायची. सुरुवातीला बाई त्याचेही बदल डोळ्यांत तेल घालून वाचायच्या. एकदा तो एवढंसं तोंड करून म्हणाला, की ताई, माझंही चाळणार का? त्या दिवशी बाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर त्याच्या कामावरून त्या फक्त मायेनं नजर फिरवायच्या.

यंदा त्यानं नव्या आवृत्तीसोबत आवाजाचा एक तुकडा पाठवला, तोही आयता बांधलेला. मूळ लिखाण जरा आवरून नंतर देतो, म्हणाला. दुसरा कुणी असता तर बाईंनी त्याला उभा आडवा घेतला असता. इथे त्या विरघळल्या. सगळ्या संगणकांवर तो तुकडा चालला, फक्त सगळ्यात जुन्या प्रणालीवर अडला. तिथली जुनी सामग्री त्याला चालेना. बाई हट्टाला पेटल्या. अख्खी सुट्टी घालवून त्यांनी त्याला हवी ती सामग्री सोबत बांधून दिली आणि तिथेही तो चालवून दाखवला. मग मोठ्या समाधानानं सही केली.

ती जुनी प्रणाली वापरणाऱ्यांत एक निवृत्त संगीतशिक्षक होते. डोळे पूर्ण गेलेले, पण कान असे, की आवाजात तसूभर फरक पडला तरी त्यांचा फोन यायचा. या वेळी त्यांची तक्रार वेगळी होती. इंटरनेट बंद असलं की पत्र वाचायला सुरुवात करण्याआधी हा थबकतो, ते म्हणाले, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा.

बाईंनी लगेच एका संगणकावरून काय बाहेर जातंय ते तपासलं. वाचलेली ओळ अन् ओळ एका कंपनीकडे जात होती. लोकांची औषधं, भांडणं, मुलांची पत्रं, सगळं. आणि त्याच कंपनीत भावाला नुकतीच मोठी नोकरी लागली होती.

त्या तडक त्याच्या नव्या घरी गेल्या. भिंतींना रंगाचा वास होता. त्यानं नाकारलं नाही, खुर्चीही पुढे केली. सगळेच करतात, कुणाचं काय बिघडलं, वगैरे बोलत राहिला.

"मला का त्यात ओढलंस?" बाईंनी विचारलं. "दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्यायचं होतंस."

"दुसऱ्यानं वाचल्याशिवाय घेतलं नसतं, ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला. "आणि तुझी सही असली की लोक विचारत नाहीत."

म्हणजे ज्या मायेनं त्यांनी नियम सोडला, तिचाच त्यानं हिशेब मांडला होता. त्यानं केसानं गळा कापला होता. बाईंना राग आला, पण त्याहून जास्त त्या आतून पोकळ झाल्या. पाणीही न पिता त्या उठल्या.

घरी येऊन त्यांनी तो तुकडा काढून नवं पॅकेज बांधलं आणि घडलं ते सगळं, भावासकट, गटाला कळवलं. मग शिक्षकांना फोन लावला. आपणच न वाचता सही केली, जुन्या प्रणालीवर तो चालावा म्हणून आपणच सुट्टीभर राबलो, हेही सांगितलं.

"नवी आवृत्ती तयार आहे, सर," बाई म्हणाल्या. "या वेळी ओळ अन् ओळ वाचलीय. आत्ता तुमच्याकडे येईल."

"तिच्यावर सही कुणाची?"

"माझी."

"मग नको, बाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पत्रं साठवून ठेवतो. मुलगी आली की वाचेल."