बाराव्या गाईची नोंद

जनावरांच्या दवाखान्यात मी रुजू झाले तेव्हा माझी पदवी नवी कोरी होती आणि राग कायम नाकावर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढे टेबल, औषधांचं कपाट आणि केसांची नोंदवही. मागे हत्यारं उकळायचं मोठं पातेलं आणि दोरीवर वाळत घातलेली फडकी. अंगणात जनावर उभं करायचा लोखंडी खोडा. कागदावर या सगळ्याची प्रमुख मी होते. प्रत्यक्षात पान हलायचं ते आमच्या ड्रेसरांच्या हुकमाने. मलमपट्टी करणं, जनावर धरणं, इंजेक्शन भरून देणं ही त्यांची कामं. सगळे त्यांना मिनिटकाका म्हणायचे.

हे नाव त्यांना श्वासांमुळे पडलं होतं. जनावराचे श्वास मोजायचे तर पंधरा सेकंद मोजा आणि चाराने गुणा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. काका जनावराच्या कुशीशी उभे राहायचे, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरायचे आणि ओठ हलवत अख्खं मिनिट मोजायचे. मध्येच कोणी बोललं की पुन्हा एकपासून सुरुवात. बाहेर रांग लागलेली, मी चरफडतेय, आणि हे आपले एका शेळीच्या कुशीकडे टक लावून उभे.

"काका, गुणाकार येतो ना तुम्हाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"येतो की, डॉक्टरबाई. पण मोजताना एक चुकला, तर गुणल्यावर चार चुकतात."

काकांना काहीही टाकवत नसे, हा आणखी एक छळ. मी हौसेने एकदा वापरून फेकायचे कागदी अॅप्रन मागवले. त्यांनी ते फडताळात सगळ्यात वर ठेवून दिले आणि धुतलेला सुती अॅप्रन माझ्या हातात दिला. "आपण जनावरं बरी करायची का कचऱ्याचे ढीग लावायचे?" म्हणाले. मी त्यांना चिक्कू म्हणायचे, तोंडावर. ते हसायचे.

माझं दुसरं वर्ष होतं. उन्हाळा दोन महिने आधीच येऊन बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. काका सांगायचे, पूर्वी असं ऊन वर्षातून आठ-दहा दिवस पडायचं आणि संध्याकाळी तरी वारा सुटायचा. आता भिंती सकाळपर्यंत कोमट राहत होत्या. दवाखान्यात येणारी प्रत्येक दुसरी गाय धापा टाकत यायची.

एका दुपारी गोठेवाल्या मावशींचा निरोप आला. त्यांच्याकडे बारा गाई. धावतपळत पोचलो. बाराही गाई माना पुढे काढून, तोंडं उघडी टाकून धापत होत्या. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. दूध दोन दिवसांत निम्म्यावर आलं होतं. मी ताप घेतला: एकशे चार, साडेचार, पुन्हा चार. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"साथ आली गं बाई माझ्या गोठ्यात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना टोच. एकीला सोडू नकोस."

मलाही साथच वाटली. मी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली: जंतूंवरचं इंजेक्शन, गाई बारा. काकांच्या हातात दिली आणि म्हटलं, "भरा."

काकांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पहिल्या गाईच्या कुशीशी जाऊन उभे राहिले. बारा गाई, बारा मिनिटं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बारावीपाशी, कोपऱ्यातल्या तांबडीपाशी, ते जरा जास्तच रेंगाळले. मग परत आले.

"ताप नाही हा, बाई. उकडलंय त्यांना. वरचे पत्रे बघा, नवीन घातलेत. मागची भिंतही पत्र्याने बंद केलीय. पाणी मारू, हवा खेळवू. उद्या पहाटे, धार काढायच्या आधी, पुन्हा ताप घेऊ; नुसत्या तापल्या असतील तर तोवर उतरलेला असेल. तोवर सुई नको."

"आणि साथ असली तर? पहाटेपर्यंत चार गाई आडव्या झाल्या तर कोणाच्या डोक्यावर?"

"माझ्या," काका म्हणाले. "बाराच्या बारा नुसत्या तापल्यात. मी सांगतो."

मावशी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. सुई टोचली की औषध दुधात उतरतं, पुढचे काही दिवस दूध ओतून द्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं दूध ज्या घरांत जायचं तिथे लहान पोरं होती. पण गाईच गेल्या तर दुधाचं काय घेऊन बसलात! शेवटी त्या काकांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या शब्दावर थांबते. घात करू नका."

मग संध्याकाळपर्यंत आम्ही राबलो. मावशींच्या दोन्ही सुनांनी मागच्या भिंतीचे पत्रे उचकटले. छपरावर ओली पोती पसरली. काका नळी घेऊन गाईंच्या आधी पायांवर, मग हळूहळू पाठीवर पाणी सोडत होते आणि प्रत्येकीशी काहीतरी पुटपुटत होते. मी रागात होते, पण पोती मीही उचलली. ऊन कललं तेव्हा चार-पाच गाईंनी तोंडं मिटली आणि एकीने चक्क वैरणीत तोंड घातलं. मला बरं वाटलं, पण कबूल कोण करतंय!

पहाटे पुन्हा गेलो. गोठा शांत होता. पहिली गाय, एकशे एक, म्हणजे गाईला नेहमीचाच. दुसरी, एकशे एक. चौथी-पाचवीपर्यंत मावशींचा जीव भांड्यात पडला होता. अकरावीपर्यंत सगळं सुरळीत. मी मनातल्या मनात काकांची माफी मागून टाकली होती.

बारावी, तांबडी. एकशे पाच.

मी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. आदल्या दुपारी बाराजणींच्या धापांमध्ये काही ऐकूच आलं नसतं. आता उजव्या बाजूची खरखर स्पष्ट ऐकू आली. फुप्फुसाला सूज होती. आदल्या दिवशी मी सगळ्यांना सरसकट टोचलं असतं, तर तिची छाती कधी ऐकलीच नसती आणि तिला लागणारं वेगळं औषध तिला मिळालंच नसतं. तिच्या एकटीच्या उपचाराला लगेच सुरुवात केली.

मी काकांकडे वळले. शाबासकी द्यायची होती. ते पार उतरलेल्या चेहऱ्याने तांबडीच्या गळ्याखाली हात फिरवत उभे होते.

"काल मोजताना वाटलं होतं मला," ते म्हणाले. "हिचा श्वास तोकडा होता. तरी बारा म्हणून बसलो. बोलण्याच्या भरात."

"काका, अकरा बरोबर आल्या की तुमच्या!"

"हिला काय त्याचं?"

पाच दिवस ते सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी जात राहिले. त्या दिवसांत त्यांना जेवणही धड गेलं नाही, असं काकू मला म्हणाल्या. सहाव्या दिवशी तांबडीने त्यांच्या सदऱ्याची बाही चघळली, तेव्हा कुठे माणूस हसला. त्याच दुपारी त्यांनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली आणि गोठ्यात गेलो त्या दुपारच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं: "ड्रेसरने बारा गाई निरोगी सांगितल्या. अकराच होत्या. चूक ड्रेसरची." खाली सही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पुढच्याला कळायला हवं ना, कुठे चुकतं ते."

त्यानंतर उन्हाळ्यात दवाखाना पहाटे साडेपाचला उघडू लागला, म्हणजे कोणाच्या जनावराला उन्हातून चालत यायला नको. दुपारचा ताप बघून आम्ही सुई उचलेनासे झालो. आधी सावली, पाणी, वारा. मग पहाटेचा ताप. वरिष्ठ डॉक्टर तपासणीला आले तेव्हा जंतूंवरच्या औषधांचा खप निम्म्याहून खाली आला होता. बदलत्या हवामानात असंच काम व्हायला हवं, म्हणत त्यांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. काका मागे पातेल्यातली हत्यारं चिमट्याने काढत होते. "डॉक्टरबाई हुशारच आहेत," तिथून म्हणाले. मी लाजून का होईना, ऐकून घेतलं.

परवा ते निवृत्त झाले. निरोपाला दवाखान्याचं अंगण भरलं होतं. मावशी आल्या होत्या, शेळ्यांसकट माणसं आली होती. सगळे पांगल्यावर काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. घड्यांवर विरलेला, शाई फिकट झालेली. माझंच अक्षर. जंतूंवरचं इंजेक्शन, गाई बारा.

"तुमची वस्तू," ते म्हणाले. "तेव्हा नवीन होता तुम्ही. वरच्यांनी बघितली असती तर नाव खराब झालं असतं."

स्वतःची चूक त्यांनी सहीनिशी वहीत लिहिली होती. माझी, अकरापट मोठी, इतकी वर्षं कोणाला दिसू दिली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काका बिचारे गोंधळून पाणी आणायला धावले.

ते येईपर्यंत मी जुनी नोंदवही काढली, ते पान शोधलं आणि त्यांच्या सहीखाली ती चिठ्ठी डिंकाने चिकटवली. शेजारी लिहिलं: "चूक डॉक्टरची. गाई अकरा." आणि सही केली.