सत्तेचाळीस नंबरच्या दारावरचा चिखल

माझा नवरा व्हर्लिन शर्यतींच्या मोसमात शनिवारी घरी बसलाय, असं मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. एप्रिल लागला की शनिवारी दुपारी तो कॅमेऱ्याची पेटी ट्रकात टाकणार, मी घडीचं टेबल टाकणार, आणि आम्ही जत्रेच्या मैदानावरच्या मातीच्या ट्रॅकवर जाणार. तो आत, वळणावर उभा राहून शर्यतीच्या गाड्यांचे, स्टॉक कारचे, फोटो काढायचा. मी प्रेक्षकांच्या बाकांखाली बसून मागच्या शनिवारचे फोटो विकायचे. आठवडाभर धान्याच्या कोठारावर नाकात धूळ आणि शनिवारी कानात चिखल, असा त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर धूळ सुटली, चिखल काही सुटला नाही.

एकदा निखळलेलं चाक येऊन आदळलं आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. पुढच्या शनिवारी हा गळ्यात हात अडकवून पुन्हा वळणावर हजर. कॅमेरा माझ्या हातात, आणि मागून याचं सुरू, "आता दाब! आता! गेली ना गं!" आमच्या लेकीने लग्न शुक्रवारी केलं. बाप फोटोत हवा असेल तर दुसरा वारच नव्हता.

"डोरीन, तुला आवडतात का गं शर्यती?" बायका विचारायच्या. मी सांगायचे, खुर्ची आवडते. खरं तर त्या आवाजाचा मला केव्हाच वीट आला होता. गेली काही वर्षं गुडघे चोळत व्हर्लिनही म्हणायचा, "क्लेटन जिंकला, की थांबतो."

क्लेटन व्हॉस डुकरांचा ट्रक चालवतो आणि शनिवारी सत्तेचाळीस नंबरची गाडी. कुंपणावर चढलेला क्लेटन, उलटा पडलेला क्लेटन, धूर निघणाऱ्या गाडीतून उडी मारणारा क्लेटन, सगळे व्हर्लिनकडे आहेत. करंडक घेतलेला क्लेटन तेवढा नव्हता. त्या बिचाऱ्याच्या विजयासाठी दर रविवारी चर्चमध्ये मी केली, तेवढी प्रार्थना त्याच्या आईनेही केली नसेल. मला माझा नवरा घरी हवा होता.

आणि गेल्या ऑगस्टमध्ये क्लेटन जिंकला. पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि हा मधून निघून आला. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. शेजारचा माणूस आपलं सँडविच सांभाळत माझ्याकडे बघतच राहिला.

आमच्या ट्रॅकवर आधी विजेत्याचा फोटो, मग वजनकाटा. गाडी ड्रायव्हरसकट ठरलेल्या वजनाच्या खाली भरली, तर विजय रद्द. गाडीच्या अंगावरचा चिखलही वजनात धरतात. त्यामुळे काट्यावर जाईपर्यंत कुणी गाडीला हात लावत नाही, हे ट्रॅकवरच्या कुत्र्यालाही कळतं.

व्हर्लिनने एक फोटो काढला, कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, "क्लेटन, दार पूस रे. नंबर दिसत नाहीये."

क्लेटन आनंदाने वेडा झाला होता. त्याने दोन्ही हातांनी दारावरचे थरच्या थर खरवडून काढले. व्हर्लिनने दुसरा फोटो काढला. मग गाडी काट्यावर गेली आणि तीन पौंड कमी भरली.

घरी येताना मला क्लेटनचं वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचंही.

रविवारी चर्चहून आल्यावर मी दोन्ही फोटो छापले. पहिला हातात घेतला आणि दिव्याखाली धरला. खालच्या पत्र्यावर काळा चिखल होता, दारावरही होता, पण चिखलाच्या वरच्या बाजूला सत्तेचाळीस आकडा लख्ख दिसत होता. रस्त्यावरूनही वाचता आला असता.

तेवढ्यात क्लेटनच दारात आला. टोपी हातात होती. व्हर्लिन टेबलापाशी कॉफी घेऊन बसला होता.

"फोटो न्यायला आलोय."

"रद्द झालेल्या विजयाचा?" व्हर्लिन म्हणाला. "शिव्या घाल मला, क्लेटन. माझ्यामुळे झालं ते."

"पुसलं मी. हात माझे होते." क्लेटनने दोन्ही फोटो पाहिले. पहिल्यावर जरा थांबला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. "मला हा द्या. यात चिखल अंगावर आहे, म्हणजे वजन पुरं आहे. यात मी जिंकलेलोच आहे."

व्हर्लिनने हात पुढे केला. फोटो नाकाशी नेला, खिडकीकडे वळवला, लांब धरला. "नंबर दिसतो का यात?"

"छे! चिखलाने पार झाकलाय," क्लेटन म्हणाला. "तुम्ही बरोबरच सांगितलं होतं."

माणूस मोठ्या मनाचा. मीही मान हलवली असती तर पुढच्याच शनिवारी आम्ही पुन्हा निघालो असतो, आणि हा असल्या डोळ्यांनी पुन्हा त्या वळणावर, सुटलेल्या गाड्यांसमोर उभा राहिला असता.

"दिसतो, व्हर्लिन," मी म्हणाले. "स्वच्छ दिसतो."

क्लेटन फोटो घेऊन हळूच निघून गेला. व्हर्लिनने कप बाजूला सारला. मला वाटलं चिडेल, पण तो चिडला नाही.

"मग शनिवारी काय करायचं आपण?" त्याने विचारलं.

याचं उत्तर इतकी वर्षं माझ्या जिभेवर होतं. तळ्यावर जाऊ, लेकीकडे जाऊ, नुसते ओसरीवर बसू. त्या वेळी मात्र मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि रडले.