भावजींच्या नाकातलं मझूत

इस्रायलमधल्या अश्दोदच्या बंदरात माझे भावजी नेहेमिया यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना 'नाक' म्हणत. तिथल्या वीजघराचे बॉयलर मझूतवर चालायचे, म्हणजे त्या काळ्या, दाट तेलावर. आणि नुसता धूर हुंगून भावजी सांगायचे, भट्टी नीट जळतेय की नाही. त्याचा त्यांना गर्वही होता. नाकावर माशी बसू देत नसत. मी त्यांच्या हाताखालचा, त्यातून त्यांच्या बायकोचा भाऊ, तेव्हा ती माशी बहुतेक मीच असायचो.

२००४ साली समुद्रातून नळाने गॅस आला. मझूतच्या टाक्या रिकाम्या करून धुतल्या. चिमणीतून दिसेल असं काही निघेना, दोरीवरचे कपडे पांढरे राहू लागले. ओशरात नावाची इंजिनिअर आमच्याच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, घरातली, पण बोलायची हिब्रूतच. तिने आम्हाला बसवून समजावलं: गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून सडक्या अंड्यांसारखा घाण वास मुद्दाम मिसळतात. तो आला की काहीही पेटवू नका, बाहेर पळा.

पुढे काही दिवसांनी भावजी म्हणाले, "बेनी, मझूत जळतंय कुठेतरी."

मी हसलो. ते नाही हसले. मग रोजच ते धुतलेल्या टाकीपाशी जाऊ लागले. भिंतीवर हात फिरवून तळवा बघायचे. तळवा कोरडा, स्वच्छ. "कोणतरी जुनी भट्टी चालवतोय," असं म्हणून मान वळवायचे, आणि खोटं कशाला सांगू, मलाही मागे वळून बघावंसं वाटायचं.

त्यांचा नातू ओरी सैन्यातून सुटून आला म्हणून माझ्या बहिणीने, राहेलबायने, घरी मालिदा केला, म्हणजे देवाचे आभार मानायचा आमचा विधी. गोड पोह्यांचं ताट, फळं, एलियाहू हनाबी या प्रेषिताचं गाणं. मग सब्जाची डहाळी हातोहात फिरते. ज्याने त्याने हुंगायची आणि सुवासाची बराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची छोटी प्रार्थना, म्हणायची. भावजींनी हुंगली, ओठ मिटले आणि डहाळी तशीच पुढे दिली.

"बराखा नाय म्हटलीत?" बायने विचारलं.

"खोटी कशी म्हणू? ह्यालापण मझूतचाच वास."

बायने पेरू पुढे केला, मग चिरलेला कांदा. सगळ्याला तोच वास.

"भावजी, तुम्हाला सब्जा कळत नाय, मग गळती काय कळणार? कामावर येऊ नका."

"ह्या नाकावर आख्खं पोर्ट चाललंय! सर्दी झालीय नुसती. उद्या मी येणार."

आणि आले. दुपारी मी वॉल्व्हच्या खोलीचं दार उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास भपकन अंगावर आला. आत भावजी पाय पसरून बसलेले. ओठांत न पेटवलेली सिगारेट, हातात लायटर. मझूत काही ठिणगीने पेटत नसे, त्यामुळे तिथे बसून ओढायची जुनी सवय. चेहरा मात्र कधी नव्हे इतका खुललेला.

"ये बेनी," ते म्हणाले. "गेलं बघ मझूत! आज हवा कशी एकदम स्वच्छ आहे."

माझी पाचावर धारण बसली. लायटर धरलेलं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं आणि त्यांना तसंच ओढत धक्क्यावर आणलं. गॅस गळतोय असं ओरडून ओशरातला सांगितलं, तिने बाहेरूनच गॅस बंद केला.

वारा समुद्राकडून येत होता. भावजींनी खोल श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आलं परत," ते म्हणाले.

मला रडू आलं. ओशरात धापा टाकत आली तेव्हा त्यांनी गळ्यातला पास काढून तिच्या हातात ठेवला.

"मला आत सोडू नकोस, पोरी. हवा स्वच्छ आहे असं मी कितीही सांगितलं तरी सोडू नकोस."