कांद्यांचा झोपाळा

माझ्या साडूंनी आयुष्यात एकाही टांगलेल्या वस्तूवर विश्वास ठेवला नाही. पंखा असो, झुंबर असो, देवळातली घंटा असो, आधी ओढून बघायची आणि मगच तिच्याखाली उभं राहायचं. घाटातल्या बोगद्यांचे इंजिनिअर ते. डोक्यावरचा खडक खाली येऊ नये म्हणून त्यात खोल भोकं पाडायची, सळया घालायच्या आणि भोवती सिमेंट भरायचं, यात त्यांची हयात गेली. माझ्या लग्नात हा माणूस मांडवाचे खांब हलवत हिंडत होता, आणि त्यातला एक हातात आला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की नवरदेव मी आहे की ते, असा प्रश्न पडावा.

पंगतीत ते शेजारी बसले की श्रीखंडाचं काही खरं नसे. वाटीत चमचा उभा रोवून म्हणायचे, "ओढा बघू. सुटतो का सहज? श्रीखंडानं त्याला सगळ्या अंगानं धरलंय. सळईचंही असंच. लोक बाहेरची चकती न् नट बघतात, पण भार वाटला जातो तो आत, लांबीभर. मध्ये कुठे पोकळी राहिली की संपलं! आणि गंमत सांगू? खडक जरा सरकेपर्यंत तिच्यावर भारच येत नाही. तोवर नुसती बसून असते." एवढं होईतो माझी पुरी गार झालेली असे.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, लग्नापासून एक झोपाळा हवा होता. नवरा कायम बोगद्यात, त्यामुळे तो राहूनच गेला. निवृत्त होऊन गंगापूर रोडच्या घरी परतल्यावर साडूंनी पहिलं काम तेच काढलं. व्हरांड्याच्या तुळईत भोकं पाडली, सळया घातल्या, सिमेंट भरलं, ते पक्कं झाल्यावर झोपाळा टांगला. ताई हौसेनं नवी गादी शिवून घेऊन आल्या, तर हे आडवे. "अगं, थांब. आधी चाचणी." मग लासलगावहून कांद्याच्या गोण्या आल्या. एक चढवायची, सळईवरची खडूची खूण भिंगातून न्याहाळायची, की दुसरी चढवायची. गोण्या वाढत गेल्या, कांद्यांना मोड आले. ताई दारातून विचारायच्या, "अहो, आता तरी बसू का?"

"एवढी शेवटची गोणी."

आम्ही पोट धरून हसायचो. आमच्याकडे कांद्यांना झोपाळा आहे आणि बाईला पाट, असं ताई स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायच्या.

ती शेवटची गोणी उतरायच्या आत ताई आजारी पडल्या आणि दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

परवा गेलो होतो. झोपाळ्यावर तीच गादी होती, कोरी. मी बसायला म्हणून पुढे झालो आणि उभाच राहिलो. फार वाईट वाटलं. साडू मान वर करून खडूची पुसट खूण बघत होते. "तसूभरही सरकलेली नाही," म्हणाले. मला वाटलं, आता श्रीखंड निघणार. पण त्यांनी नुसता गादीवर हात ठेवला.

"तिचं वजन एका गोणीइतकंसुद्धा नव्हतं हो."